ठिपकेबाईंनी जमवलेली तारीख

ठिपकेबाई कोणतंही काम आधी चुकीचं मांडायच्या, आणि तेही मुद्दाम. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या आणि परीक्षांचं वेळापत्रकही त्याच लावायच्या. फळ्यावर प्रत्येक विषयाचा एक ठिपका. एकाच मुलानं दोन विषय घेतले असले की त्या ठिपक्यांना जोडणारी रेघ. जोडलेले पेपर एका वेळी यायला नकोत, एवढंच कोडं. पण विषय वाढले की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

"आधी कसंबी मांड, मग एकेक हलीव," असं त्या मला सांगायच्या. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्यांच्याच विभागात मास्तर झालो. एक पेपर इकडचा तिकडे करायचा. टकरा कमी झाल्या तर ठेवायचा, नाही तर मागे. कुठेतरी गाडं अडायचंच. मग बाई नीट बसलेले दोन-चार पेपरच उधळून लावायच्या. "अहो, जमलेलं का मोडता?" प्राचार्य ओरडायचे. शिरोळच्या मळ्यात वाढलेल्या बाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणायच्या, "बिघडू द्या की, सर! बिघडल्याबिगार सुधारत न्हाय." आणि वेळापत्रक बिनतक्रार लागायचं.

ही उधळायची युक्ती कधी लागू पडते आणि कधी नाही, यावर बाईंनी प्रबंध लिहिला. संगणक कुठला त्या काळी? भाकऱ्या झाल्या की स्वयंपाकघरातच बसून कागदावर ठिपके हलवायच्या, वर्षानुवर्षं. नावामागे डॉक्टर लागावं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात केली.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेसाठी तिन्ही परीक्षकांची तारीख जमेना. एकाचा दौरा, एकाच्या घरी लग्न, एकाच्या बैठका. विभागप्रमुखांनी ते त्रांगडंही निर्लज्जपणे बाईंच्याच गळ्यात घातलं! बाईंनी पत्रं धाडून एकाची बैठक अलीकडे आणवली, दुसऱ्याचा दौरा मोडून पुन्हा मांडून दिला आणि तारीख जमवली.

त्या तारखेला तिघांनी प्रबंध फेटाळला. कारण काय, तर "याहून चांगलं उत्तर नाहीच, याची सिद्धता कुठे आहे?"

"सिद्धता न्हायच. तसं लिवलंयच की," बाई म्हणाल्या. "सगळी वेळापत्रकं तपासत बसलं तर परीक्षा नातवंडांनाच द्यावी लागंल."

तिघे हसले, चहा प्याले आणि गेले. आठवलं की आजही माझं डोकं भडकतं.

दुसऱ्याच दिवशी प्रमुखांचा शिपाई वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक मागायला हजर! "देऊ नका, बाई. अडू दे त्यांचं!" मी ओरडलो.

"पोरांनी काय घोडं मारलंय?" म्हणत त्यांनी खडू उचलला.

बाई निवृत्त झाल्या, पुढे गेल्याही, डॉक्टर न होताच. त्या तिघा विद्वानांना माझा एकच सवाल आहे: ज्या तारखेला येऊन बसलात, तिच्याहून चांगली तारीख नव्हती, याची सिद्धता मागितली होती का?