लग्न आधी छापा

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून असाहेलचा जीव नुसता वरखाली होत होता. लाकडी पिंपं करण्यात हयात घालवलेला हा म्हातारा सारखा दाराकडं बघायचा आणि लेकीला विचारायचा, "लोव्हिना, पाद्री आले का गं?"

"बर्फातनं येतायत, बाबा. पडा की जरा."

"मी गेलो की वर्षभर दुखवटा, मग तुझं लग्न लटकलं. पेपरात तुझं लग्न आधी येऊ दे, माझं मरण मागनं."

"मी थांबेन की, काका," तिचा होणारा नवरा ऑरिन म्हणाला.

"तू गप रे. एक घोडा घ्यायला दोन वर्षं लावलीस."

दुपारी पाद्री पोचले, खाटेपाशीच लग्न लागलं. दिवेलागणीला म्हातारा गेला.

दुसऱ्या दिवशी काळा झगा घालून लोव्हिना छापखान्यात दोन्ही बातम्या देऊन आली. लग्नाच्या बातमीबरोबर छापखानेवाल्याला केक द्यायची तिथली रीत; मग तो बातमीखाली केकचे आभार छापायचा. "केक नाही जमला," ती खाली बघत म्हणाली. त्यानं दोन्ही कागद ठेवून घेतले.

गुरुवारी पेपर आला. आधीच्या रकान्यात तिचं लग्न होतं, शेजारच्या रकान्यात बाबांचं मरण. लग्नाच्या बातमीखाली छापलं होतं, "केक पोचला, आभारी आहोत."

लोव्हिनानं डोळे पुसले, चूल पेटवली आणि केकसाठी अंडी फोडायला घेतली.