अर्धी माळ

बायको दवाखान्यात होती तेव्हा मी रोज सकाळी डबा घेऊन जायचो. वाटेत चर्चच्या आवारात, मरियामातेच्या पुतळ्यासमोरच्या बाकावर, त्याच दवाखान्यातली एक आया रात्रपाळी संपवून बसलेली असायची. जपमाळेचे चार-पाच मणी सरले की तिची मान कलायची आणि माळ मांडीवर पडायची. एकदा जागी दिसली तेव्हा लुना थांबवली.

“मावशी, रोज माळ अर्धीच राहती की तुमची.”

“ऱ्हाऊ दे की, पावणं. घरात नवरा हातरुणात हाय, तितं डोळा लागत न्हाय. हितं आईम्होरं लागतोय. उरल्याली माळ ती पुरी करून घेती.”

पुढं एका सकाळी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. परतताना मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती गाढ झोपली होती. मीही डोळे मिटले. पण मांडीवरच्या भरल्या डब्यावरची माझी मूठ काही सैल होईना.