परवान्याची बेस गिटार

माझी बेस गिटार नकली होती असं ज्यांना अजूनही म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. मी ऐकून घेणार नाही. ती परवान्याची होती. मुंबईच्या दुकानात दोन बेस शेजारीशेजारी टांगलेल्या होत्या. आकार तोच, रंग तोच, चार जाड तारा तशाच. एक परदेशातल्या बड्या कंपनीची, नुसतं बघतानाही खिसा आवळावा अशी. दुसरी एका लहान कंपनीनं त्या बड्या कंपनीची रीतसर परवानगी घेऊन, हलकं लाकूड आणि तारा पिळायच्या स्वस्त चाव्या लावून, नवशिक्यांसाठी केलेली. तिच्या डोक्यावर लहान कंपनीचं नाव ठळक, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ, की ही परवान्यानं बनवलेली आहे.

"शिकायला हीच घ्या," दुकानदार म्हणाला. "महागडीवर चुकलात की लाज जास्त वाटते."

मी चुकणार हे त्याला इतक्या लवकर कसं कळलं, कोण जाणे.

ही नव्वदीतली गोष्ट. मी धुळ्याकडून सिल्वासाला आलेला. जवळच्या सायली गावात मिक्सर बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होतो आणि डोकमर्डीत भाड्याच्या खोलीत राहायचो. बेस घेऊन आलो त्याच दिवशी कळलं की स्पीकरला जोडल्याशिवाय ती डासाएवढाही आवाज करत नाही. मग मी ती घरमालकाच्या टेपरेकॉर्डरला जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. टेपरेकॉर्डरनं एक दणदणीत ढेकर दिली आणि तो कायमचा गप्प झाला. त्यावर घरमालक रोज भजनं ऐकायचा. आता तो ती स्वतःच म्हणू लागला, माझ्या दाराशी उभा राहून.

तरी मी सोडलं नाही. बोटांना फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. आमच्या वसाहतीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा. तो बसवायचे एक मास्तर, मूळचे कोकणातले, इथल्या शाळेत शिकवणारे. त्यांच्या मागे लागून लागून मी तालमीत शिरलो. एकदा त्या स्टेजवर उभं राहून वाजवायचं, एवढंच मला हवं होतं. आड आला तो वापीहून येणारा कीबोर्डवाला.

"अरे भाई, बेस तो मेरा डाबा हाथ बजा लेता है," तो म्हणाला. मग वाकून त्यानं माझ्या गिटारचं डोकं वाचलं. "और ये तो लायसन्सवाली है! लायसन्स इधर है, तो गाडी किधर है?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाईपर्यंत त्याच हसण्याचा मला संताप आला.

त्या संतापात मी पराक्रम केला. कारखान्यातून बाटलीत थोडं थिनर आणलं आणि ती मुंगीएवढी ओळ कापसानं पुसायला बसलो. वरचं ठळक नाव काजळासारखं पसरत निघून गेलं. खालची ओळ मात्र पॉलिशच्या आत होती. ती जागची हलली नाही. आता गिटारवर एवढंच उरलं: परवान्यानं बनवलेली. कुणी बनवली? पत्ता नाही. बाप बेपत्ता, पण परवानगी घेतलेली आहे!

पुढच्या तालमीत ती बघून मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, पुढच्या रांगेत कारखान्यांचे साहेब बसणार. एक तर वर कंपनीचं धड नाव दिसू दे, नाहीतर सगळ्यावर काळी टेप मार आणि कुणी विचारलं तर इम्पोर्टेड म्हण. जमत नसेल तर राहू दे. ह्या कीबोर्डवाल्याचा डावा हात आहेच."

म्हणजे खोटं बोल, नाहीतर खाली उतर.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात लाइनवर उभा होतो. नंदुरबारकडची एक मावशी प्रत्येक मिक्सर फिरवून, कान लावून ऐकायची आणि पुढे सरकवायची. मी त्यावर मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या नावाचा चकचकीत स्टिकर लावायचो. माल सायलीचा, नाव मुंबईचं, सगळं रीतसर परवान्यानं. आमच्या मिक्सरला कधी कुणी नकली म्हटलं नाही. इथे कर माफ म्हणून आलेल्या कितीतरी कारखान्यांत हेच चालायचं, त्यावरच आम्हा सगळ्यांच्या चुली पेटायच्या. आणि मी शहाणा, दिवसभर हेच काम करून, गिटारवरच्या त्या एका खऱ्या ओळीची लाज वाटून थिनर घासत बसलो होतो! टाकाऊ ढिगात तिरका छापलेला एक स्टिकर पडला होता. तो उचलून मी खिशात घातला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडदा उघडायच्या जरा आधी मास्तरांची नजर गिटारवर गेली.

"हे काय रे?"

"तुम्हीच म्हणालात, कंपनीचं धड नाव दिसू दे."

"अरे, ही मिक्सरची कंपनी!"

"परवान्यानं बनवलेली आहे, मास्तर. खाली लिहिलंय."

"इसमें चटनी बनती है क्या?" कीबोर्डवाला खिदळला.

"तुझा डाबा हात जरा बाजूला ठेव, म्हणजे कळेल."

मास्तर पुढे काही बोलणार तेवढ्यात पडदा सरकला. समोर सगळी कारखान्यांतली माणसं. गिटारच्या डोक्यावरचा तो स्टिकर दिव्यात लखलखला आणि मावशी बसल्या जागेवरून ओरडली, "अरे भाऊ, हाई ते आपला मिक्सरनं नाव शे!" मग शिट्ट्यांचा आणि टाळ्यांचा जो कल्लोळ उठला, त्यात मला खाली उतरवायची कुणाची छाती नव्हती. आमचे साहेब पुढच्या रांगेत रुमालानं तोंड पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

पहिलं गाणं सुरू झालं. खरं म्हणजे मी एकट्यानंच सुरू केलं, एक मात्रा आधी. माझा तो एकटा, चुकलेला, जाडजूड सूर मोठ्या स्पीकरमधून निघाला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या थरथरल्या. कीबोर्डवाल्यानं चमकून डावा हात उचलला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तोच सूर पुन्हा वाजवला, आता बरोबर जागेवर.

त्यानं तो हात पुन्हा कीबोर्डवर ठेवला नाही. मीही तो स्टिकर कधी काढला नाही.