थांबल्याची वेळ शून्य

समजा, तुम्हाला असा प्रोग्रॅम लिहायचा आहे, की कॉम्प्युटरचा माइक वापरात आला की दाराबाहेर लाल दिवा लागावा आणि काम संपलं की विझावा. बोलणं ऐकायचं नाही, माइक कुणी घेतलाय का एवढंच ओळखायचं. कुठून सुरुवात कराल?

मखमलाबादच्या सोमनाथने यात दोन रविवार घालवले, ते आईमुळे. भर मीटिंगमध्ये मालनबाई दार ढकलून आत आल्या होत्या. "सोम्या, गिलक्यांचे क्रेट उचलू लाग, गाडी खोळंबली हाय!" पुण्याचे साहेब पुढे महिनाभर विचारत होते, "काय, पोचली का गिलकी?"

शोधता शोधता त्याला सापडलं की विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावापुढे दोन वेळा लिहून ठेवतं: माइक कधी घेतला आणि कधी सोडला. माइक चालू असेपर्यंत सोडल्याची वेळ शून्य असते. झालं! दर दोन सेकंदांनी ते शून्य बघायचं आणि दिसलं की वायफायचा बल्ब लावायचा. बल्ब त्याने दिवाळीच्या आकाशकंदिलात बसवला. एक कंदील स्वतःच्या दारावर टांगला, दुसरा बायकोच्या, आणि प्रोग्रॅम तिच्याही लॅपटॉपवर टाकला. तेजस्विनीही मागच्या खोलीत बसून कंपनीचं काम करायची.

"दिवाळी होऊन गेली, अजून कंदील?" शेजारणी विचारायच्या.

"लाल झाला की समजायचं, सून सायबाशी बोलती," मालनबाई ऐटीत सांगायच्या.

चुका शोधायला सोमनाथने प्रोग्रॅममध्ये नोंदवही ठेवली होती. कोणत्या लॅपटॉपवर, कशातून, किती वाजता माइक घेतला, सगळं तिच्यात उतरत होतं. काम झाल्यावर ती काढायची राहून गेली. एक दिवस सहज उघडली तर तेजस्विनीच्या नावापुढे रोज दोन दहा ते दोन चाळीस. आणि तेही ऑफिसच्या मीटिंगच्या ॲपमधून नाही, ब्राउझरमधून.

रोज अर्धा तास? त्याच्याशी जेवताना ती "पोळी वाढू?" यापलीकडे जेमतेम बोलायची.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तो कंदिलाची वायर बघायच्या निमित्ताने स्टूल घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला. आतून हसू आलं. पोट धरून, श्वास अडकेपर्यंतचं. लग्नाला दोन वर्षं झाली, असं हसू त्याने ऐकलंच नव्हतं. आणि मग लाडाने म्हटलेला एक शब्द: "...शेखर?"

शेखर तिचा टीम लीडर. लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं त्याने. घरात नाव निघालं तरी ती "शेखर सर" म्हणायची. आज ते सर कुठे गेलं?

संध्याकाळी त्याने घड्याळाकडे बघत विचारलं, "शेखर सर काय म्हणतात?"

"ते होय? कंपनी सोडून महिना झाला त्यांना. का हो?"

म्हणजे आता ऑफिसचंही कारण उरलं नव्हतं!

तिसऱ्या दिवशी कंदील लाल झाला आणि त्याने सरळ दार उघडलं. "कोण आहे? शेखरच ना?"

स्क्रीनवर बंटी होता. तेजस्विनीचा धाकटा भाऊ, मस्कतला नोकरीला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला होता. "दाजी? कोन शेखर?"

"काल तूच म्हणालीस," सोमनाथ बायकोला म्हणाला, पण आवाज आधीच उतरला होता. "दाराबाहेर ऐकू आलं."

तेजस्विनीने क्षणभर आठवलं आणि कपाळावर हात मारला. "तठे बरं शे का रे! अहो, 'शे का रे' म्हटलं मी. 'आहे का रे'. अहिराणी आहे ती, माहेरची बोली."

बंटी घास सोडून हसत सुटला. सोमनाथ कानापर्यंत लाल झाला. सासर सटाण्याचं, पण जावयासमोर तिथे सगळे पुस्तकासारखं मराठी बोलायचे. या घरात तेजस्विनीच्या तोंडून एक 'शे' निघाला नव्हता.

कॉल बंद करून ती वळली. आता ती हसत नव्हती. "पण मी रोज दुपारी बोलते, हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याने नोंदवही दाखवली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"कंदील आईंसाठी होता ना?"

"हो."

"मग हे कुणासाठी?"

तिच्यासमोरच त्याने नोंदवही पुसली आणि ती लिहिणाऱ्या ओळीही काढल्या. "कंदील राहू द्या," ती म्हणाली, "पण परत दाराशी उभं राहायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोन दहाला कंदील लागला. सोमनाथ आपल्या खोलीतून हलला नाही. तरी भिंतीपलीकडून ते हसू आलंच. संशय गेला होता, जळणं मात्र तसंच होतं. फक्त शेखरच्या जागी आता बंटी होता.

जेवताना त्याने विचारलं, "आज कशावर हसत होतीस गं?"

"मराठीत सांगितलं तर मजा जाते त्यातली." तिने ताटात पोळी वाढली.

असं काय सांगितलं असेल बंटीने?