कुहीच्या पुढचा रूळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रूळ बांधणं. फळीच्या एका टोकाला बायको बसली होती, दुसऱ्या टोकाला मी. भांडण नव्हतं. मी बोलत होतो आणि ती ऐकत नव्हती, म्हणजे रोजचंच.

फळी चार हात लांब. तिच्या डाव्या टोकाला काडेपेटीचं, नागपूरचं इतवारी स्टेशन, उजव्या टोकाला उमरेड, मध्ये कुही. सायकलच्या चाकातल्या तारा म्हणजे रूळ. बांबूच्या कामट्या म्हणजे त्याखालच्या पट्ट्या. प्रत्येक कामटीला तार सुतानं बांधलेली, वर भाताच्या खळीचा हात, म्हणजे गाठ वाळून खडा होते.

हे खूळ तिचं. तिचं माहेर उमरेडचं. लग्न झाल्यापासून ती छोट्या गाडीनं माहेरी जायची आणि मी इतवारीला सोडून परत यायचो. माग सोडून जाणं मला जमत नसे. लग्नाला गेलो, सासऱ्याच्या मातीला गेलो, दोन्ही वेळा अंधारात. पुढं पॉवरलूम आले, आमचा हातमाग घरात नुसता उभा राहिला, आणि हाताला काही सुचेना. तेव्हा ती म्हणाली की तुम्ही हा रस्ता दिवसा पाहिलाच नाही, थांबा, मी करून दाखवते. मी हसलो. चार दिवसांनी पाहतो तर तिनं उमरेडच्या स्टेशनाला कौलं लावली होती, भोपळ्याच्या वाळल्या सालीची. मग मीही बसलो.

तिनं वाटणी केली. माहेरचा रस्ता, उमरेड ते कुही, ती बांधणार. नागपूर ते कुही मी.

आता माप. आमच्या घरात फूटपट्टी कधी नव्हती. विणकर इंच मोजत नाही, फणीची घरं मोजतो. फणी म्हणजे मागावरची लांब कंगव्यासारखी वस्तू. तिच्या दोन काड्यांमधली जागा ते घर, आणि त्या घरातून सूत ओवायचं. जन्मभर आम्ही कापडाच्या पन्ह्याचा हिशेब घरांवर केला, तर रुळाचा दुसरा कशावर करणार? एका रुळापासून वीस घरं सोडायची आणि दुसरा रूळ बांधायचा, असं ठरलं. मी माझ्या मागाची फणी घेतली, लोखंडी काड्यांची. तिनं बापाच्या मागाची जुनी बांबूची फणी माहेराहून आणलेली होती, ती घेतली. दोन्ही एकाच नंबरच्या. आधी दोघांनी वीतभर लांबीचा एकेक तुकडा हात बसावा म्हणून बांधला, मग फळीला हात घातला.

रूळ कुहीला येऊन भिडले तेव्हा मी लाकडी रिळाच्या चकत्यांची चाकं लावून एक डबा केला. नागपुराहून ढकलला की कुहीपर्यंत लोण्यासारखा जायचा. कुही ओलांडली की चाकं दोन रुळांच्या मध्ये पडायची. दर वेळी. मी तिला तिच्या गाठी आवळून बांधायला लावल्या, दोनदा. डबा पडायचाच.

त्या संध्याकाळीही पडला. मी म्हणालो, "तुह्या माहेरचा रस्ताच वाकडा आहे वं."

तिनं मान वर केली नाही. "रस्त्याले नावं ठेवू नका. तुमचं चाक लहान आहे."

"चाक मी केलं आहे."

"म्हणूनच म्हटलं ना मी."

मग तिनं पेपराचा एक तुकडा मागाच्या खांबाला खोचला. सीताबर्डीजवळच्या मैदानावर खेळातल्या रेल्वेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, मुंबई-कलकत्त्याचे लोक नवा माल घेऊन येणार होते. विजेवर चालणारी इंजिनं. ती म्हणाली, हातानं ढकलली तर ते खेळणं झालं, आपली गाडी आपल्या पायानं उमरेडले गेली पाहिजे, आपण इंजिन आणू. मी बरं म्हणालो. ती भाकरी टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरता भरता पडली. सायकलरिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्यातच गेली.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचो आणि समोर तो पेपराचा तुकडा दिसायचा. मूलबाळ आम्हाला नव्हतं. घरात अर्धवट राहिलेलं असं एकच होतं. एक गाडी, ती उमरेडला पोचली नव्हती. मी ठरवलं, ती पोचवायची. दुसरं काही ठरवण्यासारखं उरलंही नव्हतं.

तिची धाकटी बहीण इथंच नागपुरात, सक्करदऱ्यात, आमच्या मागच्या गल्लीत राहते. रोज भाकरी घेऊन यायची. प्रदर्शनाच्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून निघालो तर ती दारातच उभी. कुठं चालले म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"भाऊजी, बाई जाऊन महिना नाही झाला. लोक काय म्हणतीन? म्हातारा खेळणे पाहाले चालला."

"पाहाले नाही चाललो. आणाले चाललो."

"कोणासाठी?"

"तुह्या बहिणीसाठी."

तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि मला उभ्यानं खायला लावलं.

सोबत काय न्यायचं ते मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. फळी नेता येत नव्हती. ते वीतभर लांबीचे दोन तुकडे तिनं एकावर एक ठेवून सुतानं बांधले होते आणि मागाच्या कोनाड्यात ठेवले होते. मला माझाच न्यायचा होता, तिचा वाकडा म्हणून. पण तिची गाठ सोडवेना. दोन्ही तसेच पिशवीत घातले.

मंडप एवढा मोठा की एका दारातून दुसरं दार दिसत नव्हतं. आत गेलो आणि खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं हरवलो. टेबलंच्या टेबलं रूळ. एका टेबलावर बर्फाचे डोंगर, त्यांच्या पोटातून गाडी निघायची. एका नव्या इंजिनात तेलाचा थेंब टाकला की धुराड्यातून खरा धूर. एक नवा सिग्नल, गाडी जवळ आली की त्याचा हात आपोआप खाली पडायचा, गेली की वर. एवढंसं स्टेशन, त्यात एवढासा मास्तर, त्याच्या हातात टिकलीएवढा हिरवा झेंडा. तिनं हे पाहिलं असतं तर मास्तर घरी आणला असता. लोक चांगले कपडे घालून आले होते, वाकून वाकून पाहत होते, मालवाले प्रत्येक डबी उघडून हे नवं, हे यंदाच आलं, असं सांगत होते.

मला एकच विचारायचं होतं. प्रत्येक टेबलावर गेलो आणि विचारलं, हे इंजिन माझ्या रुळावर बसते का. पहिल्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. दुसरा म्हणाला की रूळही आमचेच घ्या. तिसऱ्यानं माझे पाय पाहिले, त्यात चप्पल जुनी होती. मी पुढं गेलो. मला कोणाशी ओळख करायची नव्हती.

मागच्या रांगेत मुंबईचा एक माणूस होता. जाड चष्मा, खिशाला नखाएवढा पेचकस. त्याच्याकडं गर्दी नव्हती. त्याचा माल साधा, बर्फ नाही, डोंगर नाही, नुसती काळी छोटी इंजिनं. मी विचारलं. तो म्हणाला, "दाखवा की काका तुमचा रूळ."

मी गाठ सोडली. माझा तुकडा पुढं केला, तिचा पिशवीवर ठेवला. त्यानं इंजिन उचलून माझ्या रुळावर ठेवलं. बसलं नाही. चाकं तारांवर चढून उभी राहिली, ओट्यावर चढलेल्या बकरीसारखी. त्यानं थोडं दाबलं, फिरवून ठेवलं. नाहीच.

मी म्हणालो, चाक मोठं आहे तुमचं.

तो हसला नाही. खणातून एक लोखंडी चकती काढली आणि दोन तारांच्या मध्ये धरली. माप दाखवायची चकती ती. म्हणाला, "चाक बरोबर आहे, काका. तुमचा रूळ अरुंद आहे. थोडासाच, पण सगळीकडे सारखा अरुंद. हात चांगला आहे, माप चुकलं."

"माप नाही चुकत. वीस घरं मोजून बांधला आहे."

घरं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, मग पिशवीवरच्या तुकड्याकडे बोट केलं. तो कोणाचा, म्हणून विचारलं. मी म्हणालो, तो राहू द्या, तो वाकडा आहे.

त्यानं माझं ऐकलं नाही. तिचा तुकडा ओढून घेतला, चकती धरली, काढली, मग इंजिन ठेवलं. बसलं. टक करून बसलं, हलवलं तर हलेना. त्यानं दोन वायरी तिच्या तारांना लावल्या आणि एक बटण फिरवलं. इंजिन तिच्या रुळावरून वीतभर चाललं, आपल्या पायानं, आणि टोकावरून पडायच्या आत त्यानं तळहातात झेललं.

मी तिथली खुर्ची ओढून बसलो. कोणी बस म्हटलं नव्हतं.

त्या माणसाला काही कळलं नव्हतं, तो त्या गाठीच पाहत होता. असा रूळ सुतानं बांधलेला आपण कुठं पाहिला नाही, म्हणाला. खिळ्यानं कामटी फाटली असती, यानं फाटत नाही. मग विचारलं, "कोणी बांधलं हे?"

"बायकोनं."

"त्यांना आणायचं होतं सोबत."

"यायचं होतं तिले. गेली ती."

त्यानं चष्मा काढून पुसला. बाजूच्या टेबलावर ती सिग्नलची गाडी घरघरत फिरत होती. मी त्याला सगळं सांगितलं. दोन फण्या, एकाच नंबरच्या. एक इथल्या दुकानची लोखंडी, एक उमरेडला सासऱ्यानं हातानं केलेली. घरात केसाएवढा फरक. कपड्यात तो फरक कळत नाही, पाण्यात पडला की कपडा तसाही आटतो. जन्मभर विणलं, कधी कळलं नाही. वीस घरं म्हणजे वीस घरं, असंच धरून चाललो. आणि डब्याची चाकं मी माझ्या रुळावर मापून केली होती, म्हणून तिच्या रुळावर पडत होती. दोनदा तिच्याकडून गाठी आवळून घेतल्या मी. तिनं आवळल्या. चाक लहान आहे, एवढंच म्हणाली.

तो म्हणाला, अर्धा रस्ता चुकला असेल तर सोपं आहे, त्या अर्ध्यावर आमचा तयार रूळ टाका, आजच घेऊन जा. त्याचं मन चांगलं होतं. मी नाही म्हटलं.

काहून ते त्यानं विचारलं नाही, मीच सांगितलं, "चूक माही आहे, तर हातही माहाच लागला पाहिजे."

इंजिन घेतलं. वीज कमी करून देणारी एक डबी लागते, ती घेतली. गाडी मागं आणायची असेल तर बटण उलटं फिरवा, एवढं त्यानं दोनदा शिकवलं. बाकी नवा माल खूप होता, मी मान वळवून पाहिला नाही. फक्त दाराशी आलो आणि परत फिरून तो एवढासा मास्तर घेतला, झेंडेवाला. उमरेडला पाहिजे होता.

घरी आलो, इंजिन तिच्या टोकाला, उमरेडच्या स्टेशनात ठेवलं आणि झोपलो. त्या महिन्यात पहिल्यांदा नीट झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. पाणी तापवायला चुलीत मी केलेल्या डब्याची चाकं घातली. मग सूत कापायची सुरी घासली आणि माझ्या बाजूचा रूळ सोडायला बसलो. खळ लावलेल्या गाठी, सुटत नाहीत, कापाव्याच लागतात. इतवारीपासून सुरू केलं. तारा एका बाजूला, कामट्या दुसऱ्या बाजूला. कुहीच्या शेवटच्या गाठीशी आलो तेव्हा मेहुणी भाकरी घेऊन आली. फळी अर्धी उघडी पाहून तिनं भाकरी खाली ठेवली. बहिणीचं केलेलं तोडून राहिले का, म्हणून विचारलं.

"माहं तोडून राहिलो. बस अशी."

तिला तिच्या बहिणीच्या जागी, उमरेडकडं बसवलं. मागाच्या खांबाजवळून सासऱ्याची बांबूची फणी काढली, धूळ पुसली आणि तिच्या हातात दिली.

"इथून धर. हलवू नको. मी घरं मोजतो."

ती धरून बसली. कुहीला जिथं तिच्या बहिणीचा रूळ संपला होता, तिथून मी पहिली कामटी ठेवली, तार लावली, वीस घरं मोजली, पुन्हा मोजली आणि गाठ मारली.