आत्याच्या बंद खोल्या

ऑफिसात सगळे तिला आत्या म्हणत. कंपनी तिच्या धाकट्या भावाची. सुरुवात त्याच्या घरातल्या मागच्या खोलीत झाली आणि त्याची मुलं दिवसभर ‘आत्या, आत्या’ करत तिच्या खुर्चीभोवती नाचायची. पुढे ऑफिस तिसऱ्या मजल्यावर गेलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचा आवाज चढला की पंचविशीतले प्रोग्रामर लगबगीने कॉफी आणायला उठायचे. कॉफी ऑफिसात बरीच खपायची.

काम होतं शाळांचे निकाल लावण्याचं. प्रत्येक शाळेचे नियम वेगळे, म्हणून शिक्षकांनी आपापले छोटे प्रोग्राम लिहायचे आणि ते कंपनीच्या सर्व्हरवर चालायचे. परक्याचा कोड आपल्या घरात चालवायचा म्हणजे जिवाला घोर. त्यावर आत्याने प्रत्येक शाळेच्या प्रोग्रामसाठी एक बंद खोली केली होती. आत बसलेल्याला वाटावं, जग एवढंच. ना फाइली दिसाव्यात, ना शेजारची शाळा.

“या भिंती पत्र्याच्या आहेत,” नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी दरडावायची. “आत नुसता मजकूर द्यायचा. आकडे, अक्षरं, बस. बाहेरची चालती वस्तू द्यायची नाही. तिला धरून आतला माणूस बाहेर येतो. कळलं? नाही कळलं तरी द्यायची नाही.”

भावाला तर हे पाठ होतं. पण एका बड्या शाळेने नियम लिहिणं किचकट वाटतं म्हणून कुरकुर केली आणि हा विरघळला. आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. याने परस्पर ‘मदतनीस’ नावाची तयार वस्तू, म्हणजे कंपनीचाच एक चालता प्रोग्राम, सगळ्या खोल्यांत सोडून दिली. सरासरी काढ, क्रमांक लाव, सगळं तोच करणार. बडी शाळा खूश. आणि त्या मदतनीसाच्या पोटात सगळ्या शाळांच्या निकालांपर्यंत पोचणारी जोडणी जशीच्या तशी.

एका लहान शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचे क्रमांक चुकत होते. हा मदतनीस करतो तरी काय, म्हणून त्यांनी त्याच्या पोटातलं सगळं पडद्यावर मांडून पाहिलं, तर दुसऱ्याच शाळांतल्या मुलांची नावं आणि मार्क. मास्तर घाबरले. त्यांनी भल्या माणसासारखं कंपनीला फोन करून सांगितलं. भावाने त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि त्यांच्या मुख्याध्यापिकांना कळवलं की तुमच्या शिक्षकाने आमच्या यंत्रणेत घुसखोरी केली. मास्तरांना वर्गावर जायची बंदी झाली.

रजेवरून आल्यावर आत्याला हे कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या केबिनचं दार तिने ठोठावलंही नाही.

“मदतनीस आत कुणी सोडला?”

“ताई, तू आधी बस.”

“बसायला आले नाही मी. कुणी सोडला?”

“मीच. पण आता ते उकरू नकोस. आज त्यांच्या मुख्याध्यापिका येतायत. तू फक्त म्हण की भिंत पक्की होती, त्याने फोडली. भिंत तुझी आहे, तुझ्या शब्दाला वजन आहे.”

“आणि मास्तर?”

“त्याला दुसरी नोकरी मिळेल. इथे आपलं घर चाललंय.”

किती साळसूद चेहरा! लहानपणी काचा फोडून हाच चेहरा घेऊन तो तिच्यामागे लपायचा, आणि तीच त्याला पाठीशी घालायची. आज मात्र तिला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी मुख्याध्यापिका आल्या, बरोबर मास्तर. मास्तर हात मांडीवर ठेवून शिक्षा झालेल्या पोरासारखे बसले होते. भावाने घुसखोरीची कहाणी गोड आवाजात सांगितली आणि मोठ्या विश्वासाने आत्याकडे पाहिलं.

“साफ खोटं आहे,” आत्या म्हणाली. “मास्तरांनी काही फोडलं नाही. आम्हीच बाहेरची वस्तू त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी उलटून पाहिली, कुणीही पाहिली असती. वर आम्हाला सांगितलं. हे बोलायचं सोडून आम्ही त्यांच्यावर खापर फोडलं. त्यांना उद्या वर्गावर घ्या.”

मुख्याध्यापिकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा काढून तो रुमालाने पुसत राहिले.

पाहुणे गेले तसा भावाचा गोड आवाजही गेला. “बडी शाळा आता जाणार, तिच्यामागून बाकीच्या जाणार. एका परक्या मास्तरासाठी तू सख्ख्या भावाला बुडवलंस?”

“परका होता म्हणून त्याला मी खोलीत ठेवलं होतं,” आत्या म्हणाली. “तू सख्खा, म्हणून तुला बाहेर मोकळं सोडलं. सर्व्हरच्या सगळ्या किल्ल्या दिल्या. तो मास्तर मोकळा असता तरी त्याने कुणाचं वाकडं केलं नसतं.”

ती आपल्या जागेवर गेली. आधी सगळ्या खोल्यांतून मदतनीस काढला. मग भावाचं नाव शोधलं आणि त्याच्या किल्ल्या एकेक करून रद्द केल्या. तो काचेपलीकडून बघत होता. तिला रडू येत होतं, पण बोटं थांबली नाहीत.