यू-टर्न न घेतलेली सहल

आम्ही सहलीला निघालोच नव्हतो. आम्ही सानपाड्याहून नेरूळला डोसा खायला निघालो होतो, आणि दुपारी मुरुडच्या पुढे, खाडी ओलांडायच्या बोटीच्या रांगेत उभे होतो.

चूक कुणाची, हे आधीच सांगून टाकते. माझी.

मे महिन्यातला रविवार. माझ्या नवऱ्याचा, सुधीरचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. (सोसायटीतल्या चाळिशीपुढच्या पुरुषांची क्रिकेट मॅच. कॅच सुटला, हात मोडला.) त्यामुळे गाडी चालवायचा मान पहिल्यांदाच माझ्याकडे आला. परवाना मला मिळून आठ महिने झाले होते. गाडी मी चांगली चालवते. फक्त पुढे! मागे घ्यायची म्हटली की माझं डावं-उजवं, आरसा, स्टिअरिंग आणि डोकं, सगळं पाच दिशांना जातं. रिव्हर्स मला आयुष्यात एकदाच जमला, तोही परीक्षेच्या दिवशी, आणि तो बघून आमच्या ड्रायव्हिंग क्लासच्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरात मात्र हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी!

गाडी गेटबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. शेजारी सुधीर बसला, बर्मुडा घालून. मागे माझ्या सासूबाई, घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन. ("दहा मिनिटांत तर यायचंय, साडी कशाला?") आणि त्यांच्या बाजूला आमची सोळा वर्षांची तन्वी, मोबाइलमध्ये डोकं घालून.

पाम बीच रोडला नेरूळचं वळण आलं तेव्हा माझ्या डावीकडून एक बस चालली होती. मी तिला जाऊ दिलं. तिच्यामागून दुसरी आली. तिलाही जाऊ दिलं. वळणही गेलं.

"अगं, वळायचं होतं ना?" सुधीर म्हणाला.

"पुढून वळते."

पुढे बेलापूर आलं, मग एक उड्डाणपूल आला, आणि उड्डाणपुलावर चढलेल्या बाईला कुठे उतरायचं ते पूल ठरवतो. खाली उतरलो तेव्हा डोळ्यांसमोर पनवेलची पाटी होती आणि दोन्ही बाजूंना कंटेनर. दुभाजकाला मध्येच एक खिंडार होतं, पण तिथून वळायचं तर समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांची परवानगी लागली असती. 

"वैशाली," सुधीर जरा सरळ होऊन बसला, "आपण नक्की कुठे चाललोय?"

आता खरं सांगायची वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "सुट्टी आहे, आई किती महिने घराबाहेर पडल्या नाहीत. म्हटलं, समुद्र बघून येऊ! सरप्राइज!"

मग तन्वीने चक्क मोबाइल खाली ठेवला. "मम्मी! तू?"

सासूबाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी म्हणत नव्हते, सुधीर? सून मनाची मोठी आहे म्हणून!"

एवढं कौतुक झाल्यावर कबुली द्यायची कुणाची छाती आहे? पेणला नाश्ता केला (गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी केली, पुन्हा सरळ निघता यावं म्हणून), वडखळला पुढची गाडी वळली तिच्यामागे मी वळले, आणि अलिबाग आलं. तिथे आईंनी गवती टोपी घेतली. गाऊन, ओढणी आणि टोपी! सुधीरने बर्मुडाला जुळेल असा माडांचा शर्ट घेतला, पण प्लास्टर बाहीतून जाईना, म्हणून तो त्याने एका खांद्यावर शालीसारखा घेतला. आमच्याकडे बघून शहाळीवाल्याने आधी हिंदीत, मग इंग्रजीत भाव सांगितला. मराठी असतील असं त्याला वाटलंच नाही.

"आता फिरायचं का मागे?" सुधीरने विचारलं.

रस्ता अरुंद, एका बाजूला नारळाची वाडी, दुसऱ्या बाजूला गटार.

"एवढ्या लवकर?" मी म्हणाले. "पुढे किनारा आणखी छान आहे म्हणतात."

आणि होता हो! रेवदंड्याचा पूल ओलांडला, सुरूची झाडं सुरू झाली आणि आईंनी "थांब थांब" असा धोशा लावला. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट बंद असली की खाली न उतरणाऱ्या आमच्या आई, गाऊन धरून सरळ पाण्यात! लाट आली की किंचाळायच्या, लाट गेली की "परत ये गं!" म्हणून तिला हाका मारायच्या. तन्वी त्यांचे फोटो काढत होती. सुधीर प्लास्टर डोक्यावर धरून, शरण आल्यासारखा, कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मी काठावर बसून एकच विचार करत होते. हा समुद्र संपला की पुढे काय?

पुढे ती बोट. गाड्या बोटीत घालून खाडीच्या पलीकडे नेतात. रस्ता संपून पाणी सुरू झालं, म्हणजे आता तरी मागे फिरावं लागणार, अशा भीतीने मी गार पडले होते. बोट दिसली तेव्हा मला देवच दिसला. पलीकडे जायचं, म्हणजे पुढेच जायचं!

तेवढ्यात धक्क्यावरच्या माणसाने काचेवर टकटक केली. "मॅडम, गाडी रिव्हर्समध्ये चढवायची. म्हणजे पलीकडे सरळ उतरेल."

मी तीन प्रयत्न केले. पहिल्यात वायपर सुरू झाले. दुसऱ्यात गाडी पुढे गेली आणि तिकिटाच्या रांगेने दोन्ही बाजूंना उड्या मारल्या. तिसऱ्यात ती खरंच मागे निघाली, पण बोटीकडे नाही, पाण्याकडे! एक कोळीण आपली माशांची टोपली खाली ठेवून धावत आली.

"अगो बाय, समिंदर तिकरं हाय! गारी इकरं घे!"

"मावशी, ती माझं ऐकत नाही!"

"मंग उतर खाली! मासली मरेल माजी, म्हंजे आदीच मेलेली हाय, पन नासंल ना!"

शेवटी धक्क्यावरच्या माणसाने चावी मागितली आणि एका हाताने स्टिअरिंग फिरवत गाडी बोटीत लावली. सुधीर माझ्याकडे बघत होता.

"उतार होता," मी म्हणाले. "आणि ऊन."

"दमली असेल रे पोरगी," आई म्हणाल्या. "सकाळपासून एकटी चालवतेय."

मला इतकी लाज वाटली की मी बोटीवर त्यांना दोन कुल्फ्या खाऊ घातल्या.

पलीकडे उतरलो. म्हसळ्याच्या पुढे डोंगर लागले, मोबाइलची रेंज गेली आणि एका फाट्यावर तन्वी ठामपणे म्हणाली, "लेफ्ट." रस्ता वर वर जात राहिला. आधी डांबर संपलं, मग खडी संपली. करवंदांच्या जाळ्या दोन्ही आरशांना घासू लागल्या. आणि मग दहा-बारा घरांच्या एका वाडीत, देवळासमोर, रस्ताच संपला.

पारावर बसलेले एक आजोबा उठून आले. "काय पाहुनं, कुनाकडं?"

"आजोबा, पुढे कुठे जातो हा रस्ता?"

"फुडं डोंगर हाय."

"आणि डावीकडे?"

"दरी."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. (हॉर्न वाजला. वाडीतली उरलेली माणसंही बाहेर आली.) आणि तशीच, मान खाली घालून, मी कबूल केलं. "मला गाडी मागे घेता येत नाही. कधीच येत नव्हती. सरप्राइज वगैरे काही नव्हतं. पनवेलपासून मी फक्त वळायला जागा शोधतेय!"

आता आई काय म्हणतील? मनाची मोठी सून म्हणून दिवसभर मिरवले होते. डोळे भरून आले माझे.

मग शेजारून एक विचित्र आवाज यायला लागला. सुधीर हसत होता. प्लास्टरचा हात डॅशबोर्डवर आपटत हसत होता. "अगं, आपण अलिबागला पेट्रोल भरलं! पंपात एका तोंडाने शिरतात, दुसऱ्याने बाहेर पडतात. तिथे वळता आलं असतं!"

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"मला काय माहीत! मला वाटलं, तुला आमच्यावर प्रेम आलंय!"

तोवर आजोबांनी वाडीतली सात-आठ माणसं जमवली होती. "बैल अडला तर गाडी हातानं फिरवतो आमी," ते म्हणाले. "ही तर हलकी दिसते. उतरा सगली."

आम्ही उतरलो. आई मात्र बसूनच राहिल्या. "माझे गुडघे दुखतात," असं समुद्रात नाचून आलेल्या बाई म्हणाल्या. शेवटी त्यांच्यासकट गाडीचा मागचा भाग उचलला. "हय्या!" म्हणत एक धक्का, दुसरा धक्का, तिसरा धक्का, आणि गवती टोपी घातलेल्या माझ्या सासूबाई, पालखीतल्यासारख्या, खिडकीतून तोडलेली करवंदं खात अर्ध्या गोलात फिरल्या! वाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका काकूंनी आम्हाला कोकम सरबत दिलं, माझ्या हातात करवंदांचा द्रोण ठेवला आणि हळूच विचारलं, "म्हंजे तुमी इकडं यायला निघालाच नव्हता?"

"नाही हो."

"बरं झालं चुकलात. न्हाय तर कोन येतं हितं?"

तिथून घरापर्यंत रस्ता सरळच होता. गाडीत मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त माणगावच्या पुढे आई म्हणाल्या, "वैशाली, सुधीरबरोबर कुठे गेलं ना, की तो वेळेवर परत आणतो गं. तुझ्याबरोबर बरं असतं." मी इतकी सुखावले की सोसायटीत शिरल्यावर गाडी ऐटीत थेट आमच्या पार्किंगमध्ये घातली. एका दमात, नाक भिंतीकडे! वॉचमनने सलाम ठोकला.

पुढच्या रविवारी सकाळी आई साडी नेसून, पिशवी भरून दारात तयार. "चल, आज डोंगराकडून सुरुवात करू."

तो रविवार मी डोकेदुखीवर निभावला आणि सोमवारी गुपचूप पुन्हा ड्रायव्हिंग क्लासला गेले. सरांनी मला ओळखलं आणि ते जरा मागे सरकले. "मॅडम, प्रॅक्टिस चालू आहे ना?"

"हो तर! अलिबाग, मुरुड, बोटीतून पलीकडे, म्हसळ्याचा घाट, सगळं मीच चालवलं. एका दिवसात."

सरांचा चेहरा अभिमानाने फुलला. "अरे वा! मग आता आमच्याकडे काय शिकायचं राहिलं?"

"विशेष काही नाही, सर," मी म्हणाले. "गाडी पार्किंगमधून बाहेर कशी काढायची, तेवढं सांगा."